कार्बोरेटरचा दीड फेरा

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करायला बचाव दलांना होड्या आणाव्या लागल्या. ते पाणी होते आमच्या कर्जतवरून वाहत जाणाऱ्या उल्हास नदीचे. अशा वेळी होडीच्या मागे टांगलेले आऊटबोर्ड इंजिन दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या ओढीलाच सुरू झाले पाहिजे. इंजिन जुने असेल, तर हा भरवसा बराचसा कार्बोरेटरच्या एका छोट्या स्क्रूवर असतो. वाडीवस्तीवरच्या जुन्या मोटारसायकलीतही तोच स्क्रू आहे. त्याला पिळणारे पुष्कळ भेटतात, पण तो नेमके काय करतो हे जाणणारे थोडे.

कार्बोरेटरचे काम साधे आहे. इंजिन हवा ओढते, ती अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त झाले की मिश्रण ‘रिच’ होते. प्लगवर काजळी धरते आणि धूर वाढतो. पेट्रोल कमी पडले की ते ‘लीन’ होते. मग प्लग पांढुरका पडतो आणि इंजिन भलतेच तापते. स्लोवर, म्हणजे रेस न देता, हे प्रमाण कमी-जास्त करतो तो हा स्क्रू.

पण छिद्र ठरावीक मापाचे असते आणि हवा मात्र बदलते. एकट्या कर्जत तालुक्यातच हे अनुभवता येते. नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीला, तर माथेरानचे पठार सुमारे ८०० मीटरवर. वरची हवा सात-आठ टक्के विरळ असते, पण पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून नेरळला नीट चालणारी जुनी गाडी दस्तुरी नाक्यावर पोचली की थोडी रिच होते आणि स्लोवर किंचित जड वाटते. खाली उतरली की पुन्हा ठीक. तिथे स्क्रू पिळणे ही पहिली चूक, त्याची गरजच नसते.

दुसरी चूक खोपोलीहून बोरघाट चढताना होते. शिंगरोबाच्या देवळाच्या आसपास गाडी ओढेनाशी झाली की लोक घरी येऊन स्क्रूच्या मागे लागतात. पण हा स्क्रू मुख्यतः बंद आणि जेमतेम पाव उघडलेल्या थ्रॉटलपुरता असतो. मोटारसायकलीत त्यापुढे नीडलचे, म्हणजे कार्बोरेटरमधल्या सुईचे राज्य सुरू होते आणि पूर्ण रेसला मेन जेटचे, म्हणजे पेट्रोलच्या मुख्य छिद्राचे. चढावर दम लागत असेल तर आधी एअर फिल्टर, मेन जेट आणि क्लच बघावा.

सर्वांत महाग पडतो तो अ‍ॅव्हरेजचा मोह. लिटरमागे चार किलोमीटर वाढावेत म्हणून मिश्रण लीन करून घेतले जाते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे ऑइल पेट्रोलमधूनच येत असेल, तर पेट्रोल आटले की वंगणही आटते. तापलेला पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि इंजिन जाम होते. होडीला तर उतार नावाची गोष्टच नाही. पाण्याचा रेटा सतत असतो आणि इंजिनाला क्षणाची उसंत मिळत नाही. म्हणून आऊटबोर्डमध्ये चूक झालीच तर ती रिचच्या बाजूला झालेली बरी.

मग सेटिंग करायचे कसे? आधी प्लग, फिल्टर आणि इग्निशन ठीक आहे याची खात्री करावी. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करावा. जोर लावला तर त्याचे सुईसारखे टोक कायमचे बिघडते. तिथून साधारण दीड फेरा उघडून सुरुवात करावी, पुस्तिकेत दुसरा आकडा असेल तर तो घ्यावा. होडी धक्क्याला पक्की बांधावी, प्रोपेलरचा पंखा पाण्यात असावा. इंजिन गरम झाल्यावर गिअरमध्ये, स्लोवर ठेवून स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवावा आणि दर खेपेला पंधराएक सेकंद थांबावे. लीन झाले की इंजिन शिंकल्यासारखे करते, रिच झाले की जड, घरघरत चालते. या दोन टोकांच्या मधली, थोडी रिचकडची जागा आपली. रेस दिल्यावर खोकले तर अजून थोडे रिच करावे. इंजिन पाण्याबाहेर कोरडे कधीच चालवू नये, त्याला थंड ठेवणारे पाणी खेचणारा आतला रबरी पंखा जळतो.

स्क्रूची दिशाही ओळखावी लागते. इंजिनाच्या बाजूला असलेला स्क्रू सहसा पेट्रोल सोडतो, तो उघडला की मिश्रण रिच होते. फिल्टरच्या बाजूचा हवा सोडतो, तो उघडला की लीन.

आता पेट्रोलही बदलले आहे. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे या मिश्रणाच्या १ ग्रॅमला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास हवा पुरते. जुन्या सेटिंगवर तेच इंजिन लीन चालते. स्क्रू थोडा रिचच्या बाजूला फिरवला तरी फक्त स्लो सुधारतो. मोठ्या वेगासाठी जाणत्या मेकॅनिककडून मेन जेटचे माप तपासून घ्यावे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि नव्या दुचाकींत हा हिशेब सेन्सर करू लागले. जुन्यांचा हिशेब अजून आपल्या कानावरच आहे.

इथेनॉल पाणीही शोषते आणि साठून राहिलेले पेट्रोल चिकट होऊन स्लो जेटचे केसाएवढे छिद्र बुजवते. मग कितीही फेरे फिरवा, इंजिन सुरू होत नाही. दसऱ्याला आपण यंत्रांना झेंडूची माळ घालतो. पाऊस सरल्यावर, होडीचे इंजिन ठेवून देण्याआधी, त्याच श्रद्धेने पेट्रोल बंद करून वाटी रिकामी करावी आणि जेट धुऊन घ्यावे. आषाढातल्या पुरात जी दोरी ओढायची, तिची तयारी कार्तिकातच होते.