लष्करात वैमानिक घडवणाऱ्यांना विमान कंपन्या खरंच जास्त भाव देतात का?

समजा, अमेरिकी हवाई दलातला एक अधिकारी गेली काही वर्षं सी-१७ हे महाकाय मालवाहू विमान उडवतोय. आता त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, आहे त्याच स्क्वाड्रनमध्ये राहायचं. दोन, टेक्सासमधल्या लॉफलिन तळावर जायचं आणि नव्या मुलांना टी-६ या दोन आसनी विमानावर उड्डाण शिकवायचं. वैमानिकाचे पंख मिळाल्यापासून १० वर्षं सेवा करण्याचं बंधन त्याच्यावर आहे. ते संपलं की त्याला प्रवासी विमान कंपनीत जायचंय. मग कोणतं पोस्टिंग घ्यावं?

वरवर पाहता उत्तर सोपं वाटतं. जो दुसऱ्याला शिकवतो त्याला जास्त येत असणार, म्हणजे नोकरीही लवकर मिळणार. प्रत्यक्षात हिशोब बराच गुंतागुंतीचा आहे.

१५०० तास आले कुठून?

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं. विमानातले सर्व ४९ जण आणि जमिनीवरचा एक जण असे ५० लोक गेले. मृतांच्या नातेवाइकांनी लावून धरल्यामुळे २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून नियम लागू झाला. त्यानुसार प्रवासी विमान कंपनीत को-पायलट म्हणून बसायलाही ‘एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट’ हा सर्वोच्च परवाना लागतो. त्यासाठी साधारणपणे १५०० तासांचं उड्डाण हवं.

गंमत म्हणजे त्या अपघातातल्या दोन्ही वैमानिकांकडे १५०० पेक्षा जास्त तास होते. त्यामुळे नुसत्या तासांनी सुरक्षितता वाढते का, हा वाद आजही मिटलेला नाही.

या नियमातच लष्करी वैमानिकांना मोठी सवलत आहे. त्यांना ७५० तासांवर मर्यादित स्वरूपाचा परवाना मिळतो. विमानशास्त्राची चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना १००० तास लागतात, दोन वर्षांची पदवी असेल तर १२५०. मर्यादित परवान्यावर को-पायलट होता येतं, कॅप्टन नाही.

म्हणजे लष्करी वैमानिकासाठी अडचण दाराच्या आत शिरण्याची नाहीच. ७५० तासांनी फक्त पात्रता येते. मोठ्या कंपन्यांकडे अर्ज करणाऱ्यांमध्ये तेवढ्यावर थांबलेले लोक कमीच. खरी स्पर्धा त्यापुढे सुरू होते आणि प्रशिक्षकपदाचा उपयोग तिथे होतो.

तासांचं गणित

टी-६ वरचं एक प्रशिक्षण उड्डाण साधारण सव्वा-दीड तासाचं. एका दिवसात दोन उड्डाणं होऊ शकतात. विद्यार्थी रांगेत उभे असतात, त्यामुळे प्रशिक्षक सतत हवेत असतो. त्याच दर्जाचा दुसरा अधिकारी मुख्यालयात खुर्चीवर बसलेला असेल तर त्याच्या उड्डाणवहीत वर्षभरात फारशी भर पडत नाही. कंपन्या एकूण तासांसोबत गेल्या वर्षभरातले तासही विचारतात. दहा वर्षांत ३००० तास केलेला, पण शेवटची दोन वर्षं उडालाच नाही, असा उमेदवार तिथे मागे पडतो.

अजून एक बारीक मुद्दा आहे. लष्करात वेळ मोजतात ती चाकं जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत. नागरी विमान वाहतुकीत विमान उड्डाणासाठी जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि उतरून पार्किंगमध्ये थांबलं की बंद होतं. हा फरक भरून काढण्यासाठी अनेक अमेरिकी कंपन्या लष्करी वैमानिकाला प्रत्येक उड्डाणामागे ०.२ किंवा ०.३ तास वाढवून देतात. आता हिशोब करा. १३०० तास सव्वा-सव्वा तासाच्या हजारेक उड्डाणांत केलेल्या प्रशिक्षकाला ०.३ च्या दराने ३०० तास जास्त मिळतात. तेच १३०० तास साडेसहा तासांच्या २०० उड्डाणांत केलेल्या सी-१७ च्या वैमानिकाला फक्त ६०. मात्र प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. आधीच मनाने बेरीज करून आकडा भरला आणि मुलाखतीत उड्डाणवही जुळली नाही, तर अख्ख्या अर्जावरच संशय येतो.

विमान कोणाच्या नावावर होतं?

तासांपेक्षाही कंपन्यांना एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ‘पायलट इन कमांड’ म्हणून केलेलं उड्डाण. थोडक्यात, काही बिघडलं तर जबाबदार कोण होता?

अमेरिकेच्या नागरी नियमांत याची व्याख्या सैल आहे. परवानाधारक प्रशिक्षक शिकवताना तो वेळ ‘इन कमांड’ म्हणून लिहू शकतो. त्याच उड्डाणात दांडा हातात असलेला पात्र विद्यार्थीही तसंच लिहू शकतो. एकच विमान, एकच तास आणि दोघांच्या वहीत ‘कमांड’! म्हणून अनेक मोठ्या कंपन्या आपल्या अर्जात स्वतःची कडक व्याख्या देतात. ज्याच्या सहीवर विमान ताब्यात दिलं गेलं आणि अंतिम जबाबदारी ज्याची होती, त्याचाच वेळ त्या धरतात.

टी-६ च्या प्रशिक्षकाला या व्याख्येची भीती नसते. विद्यार्थ्याला अजून पंखही मिळालेले नसतात, त्यामुळे विमानाची सही प्रशिक्षकाचीच असते. दांडा कोणाच्याही हातात असो, कमांड त्याचीच.

मोठ्या विमानावर तसं नाही. लांबच्या पल्ल्यावर सी-१७ मध्ये दोनपेक्षा जास्त वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने बसतात. हवाई दल त्यांचा वेळ वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवतं. मागे बसून घालवलेले तास वहीत दिसतात, पण कंपनीच्या हिशोबात ते धरले जातीलच असं नाही. सी-१७ वरचा प्रशिक्षक मधल्या जादा आसनावर बसून दोघांना शिकवत असेल आणि सही दुसऱ्याची असेल, तर तो वेळ ‘प्रशिक्षक’ रकान्यात जातो, ‘कमांड’मध्ये नाही. त्यामुळे ‘इन्स्ट्रक्टर’ हा एकच शब्द दोन अर्जांवर असला तरी त्याची किंमत वेगळी निघू शकते.

एका इंजिनाची अडचण

इथवर टी-६ चं पारडं जड वाटतं. पण टी-६ ला एकच इंजिन आहे. ते टर्बाइन आहे, म्हणून ‘टर्बाइन’चे तास मिळतात, आणि कंपन्यांना ते हवेच असतात. मात्र विमान कंपनीच्या कामासाठी परवाना बहुइंजिनी विमानाचा लागतो आणि त्यासाठी त्या प्रकारच्या विमानावर ५० तासांची अट आहे. पंख मिळताच थेट प्रशिक्षक म्हणून नेमणूक झालेल्या तरुणाकडे तास भरपूर असतात, पण नेमके हे ५० कमी पडू शकतात.

बरं, टी-३८ वर शिकवणाऱ्याचं काय? त्याला दोन इंजिनं आहेत. पण ती एकमेकांना खेटून, विमानाच्या मध्यरेषेजवळ बसवलेली आहेत. एक बंद पडलं तरी विमान एका बाजूला फारसं ओढलं जात नाही. प्रवासी विमानात इंजिनं पंखांखाली लांब असतात, तिथे एक गेलं की विमान जोरात वळू पाहतं आणि ते सावरणं हेच कौशल्य असतं. म्हणून केवळ टी-३८ सारख्या विमानाच्या आधारे परवाना घेतला तर त्यावर तशी मर्यादा लिहिली जाते आणि ती काढायला वेगळी चाचणी द्यावी लागते.

सी-१७ वरून टी-६ वर जाणाऱ्या अधिकाऱ्याला ही अडचण नाही. त्याच्याकडे चार इंजिनांचा अनुभव आधीच आहे. त्याच्या बाबतीत प्रशिक्षकपद ही वरची भर ठरते.

एका पेपरात परवाना

लष्करी प्रशिक्षकाला अजून एक फायदा मिळतो आणि तो घ्यायला अनेकजण विसरतात. एका लेखी परीक्षेवर आणि लष्करी कागदपत्रांवर त्याला नागरी उड्डाण प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी न देता. नागरी उमेदवाराला तिथे तासन्‌तास तोंडी परीक्षा आणि मग उड्डाण परीक्षा द्यावी लागते. अर्जात त्यामुळे एक रकाना भरतो आणि सेवा सोडल्यावर नोकरी लांबली तर शिकवून हात चालू ठेवता येतो.

मुलाखतीत काय होतं?

अमेरिकी कंपन्यांच्या मुलाखतीत ‘असा प्रसंग सांगा, जेव्हा...’ अशा प्रश्नांवर भर असतो. सहकाऱ्याशी मतभेद झाला, नियम मोडला जाताना पाहिला, चूक झाली. प्रशिक्षकाकडे असे किस्से पोत्याने असतात. विद्यार्थ्याच्या हातातून नियंत्रण कधी घेतलं, कधी मुद्दाम घेतलं नाही, कोणाला नापास केलं आणि का.

पण याची दुसरी बाजूही आहे. २८ डिसेंबर १९७८ ला पोर्टलंडजवळ युनायटेडचं विमान इंधन संपून कोसळलं आणि १० जण गेले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता आणि इंधन संपत आल्याचं सहकाऱ्यांनी पुरेशा ठामपणे सांगितलं नाही. त्यानंतर कॉकपिटमधला संवाद हा स्वतंत्र प्रशिक्षणाचा विषय झाला. वर्षानुवर्षं ‘मी सांगतो, तू ऐक’ या नात्यात राहिलेला प्रशिक्षक को-पायलटच्या आसनावर कसा वागेल, हे कंपनीला पाहायचं असतं. कॅप्टनलाच धडे देणारा को-पायलट कोणालाच नको असतो.

नोकरी लागल्यावर तर हा अनुभव बाजूलाच पडतो. अमेरिकी कंपन्यांत कोणतं विमान, कोणती सुट्टी, कॅप्टन कधी, हे सगळं ज्येष्ठता क्रमांकावर ठरतं आणि तो रुजू झाल्या तारखेपासून मोजतात. शेकडो वैमानिक घडवलेला माणूसही यादीच्या तळाशीच सुरुवात करतो. वय ६५ झालं की थांबायचंच आहे. त्यामुळे अजून हजार तास गोळा करण्यासाठी दोन वर्षं जास्त थांबलं, तर फायद्याऐवजी तोटाच होऊ शकतो.

भारतात चित्र वेगळं का?

भारतीय हवाई दलात तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमधून ‘क्वालिफाइड फ्लाइंग इन्स्ट्रक्टर’ तयार होतात आणि पुढे दुंडिगल, बिदरसारख्या ठिकाणी शिकवतात. पण इथे को-पायलटच्या आसनासाठी १५०० तासांची अट नाही. डीजीसीएचा २०० तासांचा कमर्शिअल परवाना आणि त्या विमानाचं टाइप रेटिंग असलं की चालतं, १५०० तास लागतात ते कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला. म्हणूनच अमेरिकेत नागरी तरुणही तास भरण्यासाठी वर्ष-दोन वर्षं क्लबमध्ये शिकवतात, तर भारतात तो टप्पा बहुतेकांच्या वाटेवर येत नाही. हवाई दलातून येणाऱ्या प्रशिक्षकाकडे इथे तास सहसा पुरेसे असतात. त्याला खरी वाट पाहावी लागते ती सेवेतून मोकळं होण्याची परवानगी, डीजीसीएचा परवाना आणि एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, या तीन गोष्टींची.