एका आडनांवाचा प्रवास

आडनांव म्हणजे रक्ताची खूण, अशी सर्वसामान्य समजूत असते. ‘वॉशिंग्टन’ या इंग्रजी आडनांवाचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

आपल्याकडे गांवाच्या नांवाला ‘कर’ जोडून आडनांव होतें. इंग्लंडांत पुष्कळदा गांवाचें नांवच जसेंच्या तसें आडनांव बनतें. उत्तर इंग्लंडांत, जुन्या डरहॅम परगण्यांत, वॉशिंग्टन नांवाचें गांव आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हर्टबर्नच्या विल्यम नांवाच्या जमीनदारानें आपल्या जमिनीच्या बदल्यांत डरहॅमच्या बिशपाकडून हें गांव घेतलें आणि त्याबरोबर गांवाचें नांवही धारण केलें. या घराण्यांतील लॉरेन्स वॉशिंग्टन यानें १५३९ मध्यें नॉर्दॅम्प्टनशायरांतील सल्ग्रेव्ह येथें जमीन विकत घेतली. पुढें जॉन वॉशिंग्टन १६५६–५७ च्या सुमारास व्हर्जिनियांत जाऊन स्थायिक झाला. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–१७९९) हे या जॉनचे पणतू.

जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचें अपत्य नव्हतें. तरीही २००० सालच्या अमेरिकन खानेसुमारींत या आडनांवाचे सुमारें १,६३,००० लोक आढळले आणि त्यांपैकीं शेंकडा नव्वदांच्या आसपास कृष्णवर्णीय होते. हें कसें घडलें?

गुलामांच्या नोंदी धन्याच्या वह्यांत बहुधा नुसत्या पहिल्या नांवानें होत. आपसांत कित्येकजण आडनांव बाळगीत. पण त्याला दप्तरीं मान्यता नसे. १८६५ मध्यें गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली आणि शाळेंत, विवाहाच्या नोंदींत, मजुरीच्या करारांत पुरें नांव सांगण्याचा प्रसंग येऊं लागला. बुकर नांवाच्या मुलाला हजेरीच्या वेळीं आपल्याला एकच नांव असल्याचें प्रथम जाणवलें. गुरुजींनीं विचारतांच त्यानें ‘बुकर वॉशिंग्टन’ असें सांगितलें. वॉशिंग्टन हें त्याच्या सावत्र वडिलांचें पहिलें नांव होतें. हाच मुलगा १८८१ पासून टस्कीगी येथील विद्यालयाचा प्रमुख म्हणून प्रसिद्धीस आला.

सर्वांनीं हें नांव एकाच कारणानें घेतलें असें नाहीं. अध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः गुलामांचे धनी होते. मृत्युपत्रानें मात्र त्यांनीं आपल्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली. त्यामुळें या नांवांत दास्याची आठवण आणि स्वातंत्र्याची खूण दोन्ही एकत्र आल्या.

विल्यमला हें नांव जमिनीबरोबर मिळालें. ज्यांच्यापाशीं हातभर जमीनही नव्हती, त्यांनीं तें स्वतः निवडलें. आणि आज तें मुख्यत्वें त्यांच्याच वंशजांचें आहे.