श्रद्धेला 'नाही' कोण म्हणणार? : मायकेल फॅरडेच्या प्रयोगांविषयी

विज्ञान आणि श्रद्धा हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, खरा वैज्ञानिक श्रद्धाळू असूच शकत नाही. दुसरा म्हणतो, बघा, एवढा मोठा वैज्ञानिक, पण देव मानायचा! दोघांनाही घाई झालेली असते. म्हणून आज आपण एकच माणूस घेऊ आणि त्यानं प्रत्यक्ष काय केलं ते पाहू. तो माणूस म्हणजे मायकेल फॅरडे.

जन्म १७९१, लोहाराच्या घरात. शाळा जेमतेम. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचून तो शिकला. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हींचा मदतनीस म्हणून लागला आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य तिथंच गेलं. उच्च गणित त्याला येत नव्हतं. त्यामुळे निसर्गाला जे विचारायचं ते तारा, लोखंड आणि काच हाताळूनच. त्याच्या प्रयोगांच्या रोजनिशीत १६ हजारांहून अधिक क्रमांकित नोंदी आहेत.

आता श्रद्धा. फॅरडे सँडेमेनियन नावाच्या लहानशा ख्रिस्ती पंथाचा होता. बायबलचा शब्द प्रमाण मानायचा, धनसंचय करायचा नाही, अशी त्या मंडळींची राहणी. मग ही श्रद्धा प्रयोगशाळेत येत होती का? आम्हाला वाटतं, एका वाटेनं येत होती. सृष्टीचा कर्ता एक आहे, तेव्हा निसर्गातली बलं वेगवेगळी दिसली तरी त्यांचं आतून काही नातं असणारच, ही त्याची ठाम धारणा होती.

विजेमुळे चुंबकाची सुई हलते, हे १८२० मध्ये अर्स्टेडनं दाखवलं होतं. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेनं लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक विद्युतघटाला जोडलं, दुसऱ्याजवळ सुई ठेवली. जोडताना सुई क्षणभर हलली आणि पुन्हा जागेवर आली. तोडताना पुन्हा हलली. मधल्या काळात प्रवाह वाहतोय, पण सुई ढिम्म! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, धक्का लागला असेल. फॅरडेनं तो क्षण धरून ठेवला. विस्मय म्हणतात तो हा. आजची आपली वीजनिर्मितीची यंत्रं बहुतांशी याच तत्त्वावर चालतात.

१८४५ मध्ये त्यानं प्रकाश आणि चुंबकत्व यांचंही नातं दाखवलं. तिथं उपयोगी पडली ती त्यानंच पूर्वी दुर्बिणींच्या कामासाठी खपून बनवलेली जड काच. केलेलं काम असं कधी कुठं उभं राहील, सांगता येत नाही.

आता खरी कसोटी. १८४९ मध्ये त्यानं विचारलं, गुरुत्वाकर्षणाचं विजेशी नातं असेल का? व्याख्यानगृहात उंचावरून वस्तू खाली सोडल्या, वीज निर्माण होते का ते तपासलं. काही नाही. त्यानं काय केलं? 'काही मिळालं नाही' हा निकाल रॉयल सोसायटीपुढं मांडला. आपला विश्वास ढळलेला नाही, पण पुरावाही मिळालेला नाही, हे दोन्ही सांगितलं. दहा वर्षांनी उंच मनोऱ्यात पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाहीच.

याच्या शेजारी १८५३ ची गोष्ट ठेवा. तेव्हा टेबलाभोवती हात टेकून बसायचं आणि आत्म्यांनी टेबल फिरवायचं, असं वेड पसरलं होतं. फॅरडेनं टेबल आणि हात यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थानं जोडलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरकलेला निघाला, म्हणजे आधी हात हलत होते. मग हाताचा दाब दाखवणारा काटा लोकांच्या नजरेसमोर ठेवला, तर टेबल फिरायचंच थांबलं! ही माणसं लबाड नव्हती हो. त्यांची इच्छा त्यांच्याच बोटांतून टेबल ढकलत होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

दोन्हीकडे विश्वास आहे. फरक एवढाच, की फॅरडेनं आपल्या विश्वासासमोर काटा ठेवला होता.

तुम्ही विचाराल, बायबलवरच्या श्रद्धेसमोर ठेवला का? नाही. धर्मश्रद्धा आणि इतर ज्ञान यांत आपण संपूर्ण भेद मानतो, हे त्यानं १८५४ च्या व्याख्यानात उघडपणे सांगितलं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही वाटणी सहज पचत नाही. एकाच मनाला दोन न्यायालयं कशी? हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो राहू द्यावा.

पण प्रयोगशाळेतल्या धारणेपुरतं त्याचं उत्तर स्वच्छ आहे. कुठं खणायचं हे श्रद्धेनं सुचवावं. पाणी लागलं की नाही, हे विहिरीनंच सांगावं. तेव्हा यापुढे कुणाला 'तुमचा कशावर विश्वास आहे?' असं विचारण्याआधी स्वतःलाच विचारू या: माझ्या विश्वासाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार मी कुणाला दिला आहे?