भात उत्पादक कुटुंबासाठी महिन्याचा जमा-खर्च तक्ता

भातपिकाचे पैसे वर्षातून एकदा येतात, घरखर्च मात्र बारा महिने चालू असतो. विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या पलीकडे, अंबरनाथ आणि बदलापूरच्या आजूबाजूच्या गावांत एक जण एमआयडीसीत कामाला आणि बाकीचे शेतीवर, अशी अनेक घरे आहेत. अशा घरात वर्षाचा हिशेब जुळतो, तरी पावसाळ्यात उसनवारी करावी लागते. वर्षाची बचत आणि त्या महिन्यात हाती असलेली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तूट कोणत्या महिन्यात आणि किती येणार, हे मासिक तक्त्यातून आधीच कळते.

तक्ता कसा भरावा?

- हंगाम जूनमध्ये सुरू होतो, म्हणून जून ते मे अशा बारा ओळी आखाव्यात.
- पैसे हाती येतील त्याच महिन्यात जमा लिहावी. भात नोव्हेंबरमध्ये घातले आणि पैसे जानेवारीत मिळाले, तर जमा जानेवारीची.
- उधारीवर आणलेले खत उधारी फेडण्याच्या महिन्यात लिहावे.
- घरी खायला ठेवलेला तांदूळ जमेत धरू नये.
- पीएम-किसानचा 2,000 रुपयांचा हप्ता खात्यात आल्यावरच लिहावा.

उदाहरण

एक एकर भात, दरमहा पगार 15,000 रुपये, घरखर्च 14,000 रुपये. जूनमध्ये शाळेचे 8,000 आणि सप्टेंबरमध्ये गणपतीचे 5,000 जास्त. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपले आकडे घालून पाहा.

| महिना | आरंभीची शिल्लक | जमा | घरखर्च | शेतीखर्च | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| जून | 10,000 | 15,000 | 22,000 | 4,000 | −1,000 |
| जुलै | −1,000 | 15,000 | 14,000 | 13,000 | −13,000 |
| ऑगस्ट | −13,000 | 15,000 | 14,000 | 2,000 | −14,000 |
| सप्टेंबर | −14,000 | 15,000 | 19,000 | 0 | −18,000 |
| ऑक्टोबर | −18,000 | 15,000 | 14,000 | 6,000 | −23,000 |
| नोव्हेंबर | −23,000 | 43,000 | 14,000 | 2,000 | 4,000 |

नोव्हेंबरच्या जमेत भातविक्रीचे 28,000 रुपये आहेत. पुढे दरमहा 1,000 रुपये उरले, तर मेअखेर शिल्लक पुन्हा 10,000 होते. वर्ष जुळले, पण ऑक्टोबरअखेर 23,000 रुपयांची तूट होती. ती महिना शेकडा 3 रुपये व्याजाने भागवली, तर सुमारे 2,000 रुपये व्याजात जातात. भाताचा रोख खर्च वजा जाता हाती राहिले होते फक्त 1,000.

तूट कशी भरून काढावी?

1. पीक कर्ज: लागवडीआधीच सोसायटीकडे किंवा बँकेकडे अर्ज करावा. 3 लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्यावर व्याजाचा बोजा पडत नाही. मुदत चुकली की सवलत जाते. म्हणून कर्ज वेगळ्या रंगाने लिहावे आणि परतफेडीचा महिना त्याच दिवशी नोंदवावा. वरील कुटुंबाने 23,000 रुपये कर्ज घेतले, तर नोव्हेंबरअखेर 27,000 शिल्लक दिसेल. त्यातले 23,000 बाजूला ठेवायचे आहेत.

2. जुलैचा खर्च: चिखलणी आणि लावणीची मजुरी हा मोठा भार. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर टोकणी करतात, त्यामुळे हे दोन्ही खर्च वाचतात. मात्र पहिल्या वर्षी वाफे करण्याचा आणि नंतर तणनाशकाचा खर्च तक्त्यात धरावा. सुरुवात थोड्या क्षेत्रावर करावी.

3. मधली रोकड: भातानंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेता येतो. पाणी असेल तर उन्हाळी भेंडी, काकडी घ्यावी. हे पैसे जूनसाठी राखून ठेवावेत.

जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी पट्ट्यात मोठे नुकसान झाले. लावणी पुन्हा करावी लागली, तर तिच्यापुरती रक्कम हाताशी असावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी मे महिन्यातील खरीपपूर्व बैठकीत हा तक्ता भरून घ्यावा. घरातील महिलांना सोबत बसवावे, कारण घरखर्चाचे खरे आकडे बहुधा त्यांच्याकडेच असतात. पुढे दर महिन्याच्या 1 तारखेला अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा लिहावा.