कड्याशी बांधलेली गाठ

मुलगी कॉलेजात प्रस्तरारोहण शिकू लागली, तेव्हा घरात दोन तट पडले. आजीच्या मते हे पैसे मोजून संकट विकत घेणं. मुलीच्या मते अगदी साधी गोष्ट. मी दोघींच्या मधली. नुसती काळजी करण्यापेक्षा समजून घ्यावं, म्हणून मीही शिकायला गेले.

लोणावळ्याच्या दक्षिणेला तैलबैलाच्या दोन ताशीव भिंती आहेत. असा कडा एका दमात चढत नाहीत. दोर साधारण पन्नास-साठ मीटरचा. त्याहून उंच कडा टप्प्याटप्प्यानं चढायचा. एका टप्प्याला म्हणतात ‘पिच’ आणि टप्पा संपतो त्या जागेला ‘स्टेशन’.

पहिला गडी चढतो आणि वाटेत कातळात ठोकलेल्या बोल्टमध्ये दोर अडकवत जातो. खालचा जोडीदार बेतानं दोर सोडतो. हाच ‘बिले’. शेवटच्या बोल्टच्या तीन मीटर वर हात सुटला, तर माणूस निदान सहा मीटर पडणार. नायलॉनचा दोर ताणला जाऊन तो झटका सोसतो. वर पोचलेला मग स्टेशन बांधतो आणि वरून बिले देत दुसऱ्याला घेतो.

मला वाटत होतं, खरी विद्या चढण्यात आहे. पण पहिले दोन दिवस आम्ही जमिनीवरच गाठी मारत होतो. स्टेशनला किमान दोन आधार हवेत. एक निखळला तरी दुसऱ्यानं भार घ्यायला हवा. दोन्हींकडून येणाऱ्या दोऱ्या फार फाकलेल्या नकोत. भरलेली बादली दोघींनी धरून लांब लांब चालून पाहा, म्हणजे कारण लगेच कळेल. आणि स्वतःला स्टेशनशी बांधल्याशिवाय बिले सोडवायचा नाही.

1865 साली मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर करून सात जण उतरत होते. एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघे गेले. तो दोर माणसांना माणसांशी बांधत होता, कड्याशी नव्हे.

पहिल्या स्टेशनवर मुलगी माझ्याआधी पोचली होती. मी वर येताच शाबासकी नाही, की हसणं नाही. “आई, आधी स्वतःला बांध. आता माझी गाठ बघ.” घरी दहा हाका मारल्याशिवाय न उठणारी ही मुलगी माझ्या गाठीवरून दोनदा बोट फिरवत होती.

धोका संपला, असं मी म्हणणार नाही. सह्याद्रीत दगड सुटतात, आग्या माशा उठतात, वाऱ्यात हाक ऐकू येत नाही. पण तुमचं मूल कड्यावर निघालं, तर नुसतं ‘जपून जा’ म्हणू नका. विचारा : तुझी गाठ कोण तपासतं? स्टेशनला आधार किती? हाक ऐकू आली नाही, तर खूण काय ठरली आहे? उत्तरं चटकन आली, तर डबा भरून द्यायला हरकत नाही.