नवा कर्नल अडला की आधी मेक.लॉग उघडा

10 फेब्रुवारी 2024 रोजी डेबियन 12.5 आलं आणि त्यातल्या 6.1.76 कर्नलवर एनव्हिडियाचा 525 मालिकेतला ड्रायव्हर बांधलाच जाईना. कर्नलमधल्या एका बदलामुळे, केवळ जीपीएल मॉड्यूलसाठी राखलेलं फंक्शन या बंदिस्त ड्रायव्हरला लागू लागलं होतं. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारं डीकेएमएस थांबलं आणि त्याच्यामागे कर्नलची पॅकेजंही अर्धवट कॉन्फिगर होऊन पडली.

दोष कर्नलच्या पॅकेजचा नव्हताच!

मीरा रोडच्या घरातला पीसी असो की भाईंदरमधली लॅब, तपासाचा क्रम तोच. एपीटीच्या शेवटच्या ओळी फक्त परिणाम दाखवतात. खरं कारण व्हार-लिब-डीकेएमएस फोल्डरमधल्या मेक.लॉगमध्ये असतं. हेडर्सची आवृत्ती कर्नलशी तंतोतंत जुळते का, बूट विभाजनात जागा आहे का, हेही पाहावं. मग ड्रायव्हरची सुधारित आवृत्ती घालावी, किंवा अडलेलं मॉड्यूल काढून डीपीकेजीला उरलेलं कॉन्फिगरेशन पूर्ण करू द्यावं.

चालू असलेला जुना कर्नल मात्र तोवर मुळीच काढू नये. ग्रबच्या प्रगत पर्यायांतून त्यावरच परतता येतं. 12.5च्या वेळी डेबियनने दुरुस्त ड्रायव्हर अपडेट्सच्या भांडारातून दिला आणि अडकलेली पॅकेजं सुटली.