मोटारीच्या खिडकीवरील झिलमिली

मुंबई-पुण्याकडील जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना लांकडी झिलमिली असे. तिच्या तिरप्या पट्ट्यांमधून वारा आंत येई, आंत बसलेल्यास रस्ता दिसे, परंतु माथ्यावरचें ऊन मात्र बाहेरच अडे. हीच युक्ति मोटारीच्या कांचेवर योजिली म्हणजे इंग्रजींत जिला लूव्हर म्हणतात ती वस्तु तयार होते. अमेरिकेंत स्पोर्ट्स कार बाळगणारे पुष्कळ हौशी लोक अशी झिलमिली बाजारांतून विकत आणून घरच्या घरींच गाडीवर बसवितात. काम वरवर पाहतां अगदीं सोपें वाटतें. भोंक पाडावयाचें नाहीं, स्क्रू पिळावयाचा नाहीं; नुसती चिकटपट्टी लावून दाबावयाचें. परंतु ताशीं शंभर किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या गाडीवरून ती झिलमिली सुटली, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या तोंडावर ती आदळूं शकते. म्हणून हें काम कसें करावें, आणि तसेंच कां करावें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

या झिलमिलीचा उगम केवळ शोभेंत नाहीं. १९६६ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत लॅम्बोर्गिनी कंपनीची मिउरा ही गाडी लोकांपुढें आली. बेर्तोने यांच्या कारखान्यांतील मार्चेल्लो गांदिनी यांनीं तिचा घाट रेखिला होता. तिचें एंजिन चालकाच्या पाठीमागें होतें. त्याची उष्णता वर निघून जावी आणि चालकाला मागचेंही दिसावें, या दुहेरी गरजेपोटीं एंजिनावरील झांकणास काळ्या पट्ट्या बसविल्या होत्या. पुढें १९६९ सालीं फोर्ड कंपनीनें मस्टँग गाडीचा बॉस ३०२ हा प्रकार काढला. लॅरी शिनोडा यांनीं रूप दिलेल्या या गाडीच्या मागील कांचेवर मागणीप्रमाणें झिलमिली मिळूं लागली.

मस्टँगवर ती शोभली, त्यास कारणही आहे. फास्टबॅक घाटाच्या गाडींत छपराची रेघ उतरत उतरत थेट शेपटीकडे जाते. त्यामुळें मागची कांच उभी न राहतां बरीचशी आडवी होते आणि दुपारचें ऊन सरळ आंत उतरतें. पट्ट्या जमिनीशीं जवळजवळ समांतर असल्या, म्हणजे वरून येणारे किरण त्यांच्या पाठीवर अडतात, आणि आरशांतून मागें पाहणाऱ्या चालकाची नजर दोन पट्ट्यांमधील फटींतून निघून जाते. दारामागील लहान तिकोनी खिडकीवर जी झिलमिली बसवितात, तिचा उपयोग मात्र बहुतांशीं शोभेपुरताच असतो; उलट मान वळवून मागें पाहतांना ती थोडीशी आडच येते. ही किंमत विकत घेण्यापूर्वींच ओळखावी.

२०१५ च्या नमुन्यापासूनच्या मस्टँगसाठीं मिळणाऱ्या झिलमिलींपैकीं पुष्कळ एबीएस जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांच्याबरोबर दोन्ही बाजूंनीं चिकटणारी फोमची टेप येते. थ्री-एम कंपनीनें १९८० सालीं बाजारांत आणलेली व्हीएचबी ही टेप या वर्गांतील सर्वांत प्रसिद्ध होय. ती साध्या सरसासारखी कडक नसून किंचित् ताणली जाते, आणि हाच तिचा मोठा गुण. उन्हानें प्लॅस्टिक कांचेच्या सुमारें आठपट प्रसरण पावतें. चाळीस सेंटिमीटर लांबीची झिलमिली चाळीस अंश सेंटिग्रेडनें तापली, तर ती खालच्या कांचेपेक्षां एक मिलिमीटरहून अधिक लांब होऊं पाहते. कडक सरस अशा रोजच्या ओढाताणीनें तडकतो. मऊ फोम ती ओढ सोसतो.

परंतु टेप कितीही चांगली असली, तरी तिला कांच किंवा रंग यांचा प्रत्यक्ष स्पर्श झाला पाहिजे. गाडीवरचें मेण, पॉलिश, बोटांचा तेलकटपणा आणि धूळ यांचा पातळ थर मधें राहिला, तर टेप गाडीला न चिकटतां त्या थराला चिकटते, आणि थर सुटला कीं झिलमिलीही सुटते. म्हणून प्रथम साबणाच्या पाण्यानें जागा धुवावी व पूर्ण वाळवावी. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग मिसळून, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्यानें ती पुसावी. फडकें एकाच दिशेनें फिरवावें व वारंवार बदलावें. एरवीं मळ निघण्याऐवजीं पसरतो. पुसल्यावर त्या जागेस बोट लावूं नये.

हवेचाही विचार करावा लागतो. सुमारें २१ ते ३८ अंश सेंटिग्रेड ही टेप लावण्यास उत्तम उष्णता होय. मिशिगनसारख्या थंड प्रांतांत हिंवाळ्यांत हें काम उघड्यावर करणें व्यर्थ, कारण थंडीनें फोम कठीण होतो व पृष्ठभागाच्या बारीक खांचांत शिरत नाहीं. उलट भर उन्हांत तापलेल्या पत्र्यावरही तें करूं नये. आडोशाची, कोमट जागा सर्वांत बरी.

अल्कोहोलनें पुसण्याच्या आधीं झिलमिली टेप न उघडतां जागेवर धरून पाहावी. डावी-उजवी ओळखावी, कडा सर्वत्र टेकतात कीं नाहीं तें पाहावें, दार उघडून मिटून घ्यावें. जागा नक्की झाली म्हणजे कडेनें मास्किंग टेपच्या खुणा कराव्या. मग टेपवरील कागद सगळा एकदम न सोलतां, प्रत्येक पट्टीचें टोंक दोन-तीन सेंटिमीटर सोडवून बाहेर दुमडून ठेवावें. झिलमिली खुणांप्रमाणें बसवून हीं टोंकें एकेक करून ओढलीं, म्हणजे कागद खालून निघून येतो आणि वस्तु जागची हलत नाहीं. ही रीति सोडून घाई करणाऱ्याची झिलमिली हमखास वांकडी बसते, आणि एकदां टेकलेली टेप उचलली कीं तिचें बळ गेलेंच.

यानंतर टेपच्या प्रत्येक भागावर, दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम भार पडेल इतक्या जोरानें दाबावें. नंतरचें काम केवळ वाट पाहण्याचें आहे. साध्या उष्णतेंत वीस मिनिटांनीं टेपची सुमारें निम्मी शक्ति येते, चोवीस तासांनीं नव्वद टक्के, आणि पूर्ण शक्ति येण्यास बहात्तर तास लागतात. तोंवर गाडी धुऊं नये व हमरस्त्यावर वेगानें नेऊं नये. वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा जोर चौपट होतो. गल्लींत घट्ट वाटणारी झिलमिली हमरस्त्यावर तशीच राहील, असें समजणें म्हणून धोक्याचें आहे. पुढेंही दर महिन्यास कडेला नख लावून पाहावें. कोपरा उचललेला दिसल्यास ती काढून पुन्हां बसवावी. काढतांना केस वाळविण्याच्या यंत्रानें टेप कोमट करून, खालून नायलॉनचा बारीक दोरा करवतीसारखा ओढावा. पटाशी घालून उचकटल्यास रंग निघतो.

मागील कांचेवरील मोठ्या झिलमिलीविषयीं एक दक्षता अधिक आहे. अमेरिकेंत १९८६ च्या नमुन्यापासून प्रवासी मोटारींना मध्यभागीं उंचावर तिसरा ब्रेकचा दिवा सक्तीचा झाला. तो झिलमिलीनें झांकला जातां कामा नये. हिंदुस्थानांत मस्टँग २०१६ सालीं विक्रीस आली. येथें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ घडणींत फेरफार करण्यावर बंधन घालतें, आणि १९८९ च्या नियमांत पुढील व मागील कांचेंतून सत्तर टक्के, तर बाजूच्या कांचेंतून पन्नास टक्के प्रकाश पार जावा असें ठरविलेलें आहे. तेव्हां येथील हौशी माणसानें खरेदीपूर्वीं आर. टी. ओ. कचेरींत विचारणा करणें शहाणपणाचें.

एकंदरींत या कामांत चिकटविण्याला पांच मिनिटें पुरतात. पुसण्याला, मोजण्याला आणि थांबण्याला तीन दिवस लागतात. झिलमिली गाडीवर राहील कीं रस्त्यावर पडेल, हें या तीन दिवसांवरच ठरतें. मागून येणाऱ्या अनोळखी वाटसरूची सुरक्षितता त्यांवर अवलंबून असल्यामुळें ते खर्च करण्यास कोणीही कंटाळूं नये.